तुलना करा (१० गुण)

आम्ही दोघेही मराठीचे. दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांत शिकवतो आणि रात्री एकाच टेबलावर उत्तरपत्रिका तपासतो. वीस वर्षांच्या नोकरीत ‘तुलना करा’ या दोन शब्दांनी सुरू होणारा प्रश्न आम्ही किती वेळा काढला असेल, याची मोजदाद नाही. दोन कवींची तुलना, दोन आत्मकथनांची तुलना, काहीच सुचले नाही तर ओवी आणि अभंग यांची तुलना. विद्यार्थी पानाच्या मधोमध उभी रेघ मारतो, डावीकडे एक, उजवीकडे एक असे मुद्दे मांडतो, आणि मुद्दे समोरासमोर आले की आम्ही निमूटपणे सहा-सात गुण देऊन पुढच्या पानाकडे वळतो. त्या उभ्या रेघेविषयी आम्हांला पहिल्यांदा शंका आली ती मात्र कोल्हापुरात नव्हे, तर २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात. आणि तीही तीन मोटारींमुळे.

मोटारींविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार शून्य आहे, हे आधीच कबूल करतो. आमच्या दारात एक साधी चारचाकी उभी असते आणि तिचे बॉनेट आम्ही आजवर दोनदाच उघडले आहे. पण आमच्या पुतण्याचा या विषयातला अधिकार मोठा. तो मेकॅनिकल इंजिनिअर; डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉय नावाच्या गावी राहतो आणि मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करतो. त्या उन्हाळ्यात त्याने आम्हां चौघांना तिकडे बोलावून घेतले होते. चौघे म्हणजे आम्ही दोघे, त्याची आई आणि वडील. वडील आमच्यापैकी एकाचे थोरले भाऊ आणि दुसरीचे भावजी. दोघांच्याही सोयीसाठी त्यांना येथे ‘दादा’च म्हणतो. दादांची सारी नोकरी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत गेली. भट्टीपुढे उभे राहून राहून दोन्ही गुडघे कामातून गेले होते, आणि विमानात चौदा तास बसून आल्यावर तर पहिले दोन दिवस त्यांना जिना चढणेही कठीण झाले होते.

तिसऱ्या दिवशी रात्री जेवणे झाल्यावर पुतण्याने लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला. “काका, काकू, तुम्ही पेपर तपासता. हे जरा तपासून द्या.”

पडद्यावर एक तक्ता होता. तीन मोटारी : फोर्डची मस्टँग, शेव्हरोलेची कॅमेरो, डॉजची चॅलेंजर. वर तीन रकाने : कामगिरी ४० गुण, किंमत ३० गुण, रोजचा वापर ३० गुण. प्रत्येक रकान्याचे पोटरकाने, त्यांचे भारांक, शेवटी बेरीज. मस्टँगला ७९, कॅमेरोला ७४, चॅलेंजरला ७३. आमच्या विद्यापीठाच्या मॉडरेशन समितीलाही हेवा वाटावा इतके काटेकोर काम होते ते.

या गाड्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. दोन दारे, लांबलचक नाक, मागे उतरत जाणारे छप्पर आणि त्या नाकाखाली अवाढव्य इंजिन. ‘मसल’ला मराठी प्रतिशब्द काय द्यावा यावर आमची चर्चा सुरू झाली. ‘स्नायुयान’ हा शब्द एका पक्षाने गमतीने सुचवला आणि दुसऱ्या पक्षाने तो तितक्याच गंभीरपणे फेटाळला. दादा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “तालमीतली गाडी म्हणा की.” प्रश्न मिटला. कोल्हापूरच्या माणसाला याहून नेमके काय सांगायचे? पैलवान गाडी. तिला खुराक लागतो. शहरात एका लिटरला सहा-सात किलोमीटर, मोकळ्या रस्त्यावर दहाच्या आसपास. तिच्या अंगात जोर असतो, आणि तो जोर दाखवायला मैदान लागते. नावेसुद्धा आखाड्यातलीच. मस्टँग म्हणजे अमेरिकेच्या माळरानावरचा मोकाट घोडा. चॅलेंजर म्हणजे सरळच शड्डू ठोकून उभा राहिलेला. कॅमेरो या नावाचा अर्थ १९६६ साली वार्ताहरांनी विचारला, तेव्हा कंपनीच्या माणसांनी उत्तर दिले होते म्हणे, की हा मस्टँग खाणारा एक छोटा हिंस्र प्राणी आहे. शब्दाला अर्थ नसला तर वैरातून अर्थ निर्माण करता येतो, हे भाषेच्या अभ्यासकांनी टिपून ठेवण्यासारखे.

इतिहासही पुतण्यानेच सांगितला. मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आली. किंमत २,३६८ डॉलर. म्हणजे नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुणाला परवडेल अशी. महायुद्धानंतर जन्मलेली पिढी तेव्हा वयात येत होती आणि तिला बापाची चार दारांची गाडी नको होती. पहिल्याच दिवशी बावीस हजार गाड्यांची मागणी नोंदली गेली. मग स्पर्धा आली, १९६७ सालची कॅमेरो, १९७० सालची चॅलेंजर. इंजिने फुगत गेली. आणि तेवढ्यात धुराचे कायदे आले, विम्याचे हप्ते चढले, १९७३ साली अरब देशांनी तेल रोखले. पैलवानांचा खुराकच बंद झाला. चॅलेंजर १९७४ साली थांबली ती २००८ साली परतली. कॅमेरो २००२ साली थांबली आणि २००९ साली परतली. मस्टँग तेवढी कधी थांबली नाही, पण मधल्या काळात तिचीही रया गेली होती.

आता पुन्हा तोच प्रसंग आला होता. कॅमेरो आणि चॅलेंजर या दोघींचेही उत्पादन बंद होणार असल्याचे जाहीर झाले होते. “काका, ह्या वर्षी नाही घेतली तर नवी कधीच मिळणार नाही,” तो म्हणाला. तिशीतल्या मुलाच्या तोंडी ‘कधीच’ हा शब्द आला की आम्हां मास्तरांना थोडी धास्ती वाटते.

तक्ता मात्र चोख होता. पहिल्या रकान्यात तिघींचीही आठ सिलिंडरची इंजिने. मस्टँगचे पाच लिटरचे, ४५० अश्वशक्तीचे. कॅमेरोचे ६.२ लिटरचे, ४५५ अश्वशक्तीचे. चॅलेंजरचे ६.४ लिटरचे, ४८५ अश्वशक्तीचे. तरीही या रकान्यात पहिली आली ती कॅमेरो, कारण चॅलेंजरचे वजन एकोणीसशे किलोच्या घरात आणि कॅमेरोचे त्याहून दोनशे-सव्वादोनशे किलो कमी. जोर आणि चपळाई या वेगळ्या गोष्टी आहेत, हे खासबागेच्या मैदानात बसून कुस्त्या पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको. उभ्या जागेवरून ताशी शंभराच्या जवळ जायला तिघींनाही चार सेकंदांच्या आसपासच लागतात. फरक उरतो तो शर्यतीच्या वळणांवर. किमतीच्या रकान्यात मस्टँग आणि कॅमेरो चाळीस हजार डॉलरच्या अलीकडे-पलीकडे, चॅलेंजर बरीच वर. रोजच्या वापरात चॅलेंजर पहिली : डिकी मोठी, मागच्या बाकावर मोठी माणसे खरोखर बसू शकतात. कॅमेरोच्या खिडक्या मात्र किल्ल्याच्या जंग्यांसारख्या अरुंद, आणि डिकीत दोन बॅगा गेल्या की तिसरीने मांडीवर बसावे. मिशिगनमध्ये चार महिने बर्फ असते आणि या गाड्यांचा सारा जोर मागच्या चाकांवर. म्हणून त्या रकान्यात तिघींचेही गुण कापले होते. बर्फात चारही चाके ओढणारी चॅलेंजर मिळत होती, पण सहा सिलिंडरची. ती त्याने विचारातच घेतली नव्हती.

आम्ही तपासनीसाच्या सवयीने काही शंका काढल्या. कामगिरीला ४० आणि वापराला ३० हे कोणी ठरवले? “मीच.” का? त्याला पटकन उत्तर देता आले नाही. दादांनी चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला आणि विचारले, “ह्यात आवाजाचा कॉलम कुठं हाय?”

पुतण्या हसला. “बाबा, आवाज मोजता येतो, पण त्याला मार्क कसे द्यायचे?”

दादांच्या प्रश्नामागे वीस वर्षांचा इतिहास होता. १९९१ साली, पंचविशीत असताना, त्यांनी एक जुनी राजदूत थ्री-फिफ्टी घेतली. नव्या वाचकांसाठी सांगायला हवे : यामाहाच्या परवान्यावर एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून काही वर्षे ही मोटारसायकल भारतात बनवली. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, ३४७ सीसी, सहा गिअर. जपानात ३९ अश्वशक्ती देणारे ते इंजिन आपल्याकडच्या अॅव्हरेजच्या चिंतेने ३०.५ वर आणि नंतर २७ वर आणले गेले; तरीही त्या काळची बुलेट १८ च्या आसपास होती हे लक्षात घेतले म्हणजे ही काय चीज होती ते समजते. तुलनाच करायची तर तेव्हाही तीन गाड्या होत्या. बुलेट रुबाबाला आणि टिकायला. येझदी रस्त्यावरच्या कुठल्याही मिस्त्रीकडे दुरुस्त व्हायची, आणि तिची किक हाच तिचा गिअर. आणि ही आरडी : पेट्रोल पिणारी, भाग महाग, घरच्यांच्या डोळ्यांत खुपणारी. आमच्या वडिलांनी तिन्हींची चौकशी करून येझदीच्या बाजूने कौल दिला होता. दादांनी आरडी आणली. वडील त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

आम्ही तेव्हा शाळेत होतो. (आमच्यातला एक त्या घरात, दुसरी तीन गल्ल्या सोडून, पण आवाज दोन्हीकडे ऐकू यायचा.) संध्याकाळी दादा फौंड्रीतून निघाले की वाटेतल्या वळणावर त्यांनी गिअर उतरवल्याचा आवाज यायचा आणि आजी म्हणायची, चहाचं आधण ठेवा. रविवारी ती गाडी पन्हाळ्याच्या रस्त्याला लागायची. वाघबिळाच्या चढाला तिचा सूर असा काही वर जायचा, की मागे बसलेल्याला पोटात गोळा आल्याशिवाय राहत नसे. जळक्या ऑइलचा तो निळसर वास अजून आठवतो.

२०११ साली पुतण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षाची फी भरायची होती. तोपर्यंत आरडी दुर्मीळ झाली होती आणि हौशी लोक तिच्या शोधात फिरत होते. बेळगावचे एक गृहस्थ आले, त्यांनी दादांनी घेतलेल्या किमतीच्या कितीतरी पट रोख रक्कम मोजली आणि गाडी टेम्पोत चढवली. किक मारून दाखवा म्हणाले, तर दादांनी मारली नाही. “चालू हाय, घेऊन जावा,” एवढेच म्हणाले. ‘किंमत’ या रकान्यात आरडीने अखेरीस पहिला नंबर काढला, असे कोणी म्हणू शकेल. आम्ही त्या दिवशी तिथे होतो. आम्हांला तसे म्हणवत नाही.

पुढच्या शनिवारी पुतण्या आम्हांला डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात घेऊन गेला. तिथे पहिल्या क्रमांकाची मस्टँग उभी आहे. पांढरी, उघड्या टपाची. तिची कथा मोठी गमतीची. ती खरे म्हणजे विकायची नव्हती. दाखवण्यासाठी म्हणून कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमधल्या एका विक्रेत्याकडे गेली होती. तिथे स्टॅन्ली टकर नावाच्या एका वैमानिकाच्या ती मनात भरली आणि विक्रेत्याने ती विकूनही टाकली. चूक लक्षात आल्यावर कंपनीने ती परत मागितली. टकर यांनी दिली नाही. दोन वर्षे मजेत चालवली. दहा लाख मस्टँग बनवून झाल्यावर, १९६६ साली, कंपनीने त्यांना एक कोरी करकरीत गाडी दिली, तेव्हा कुठे ही पहिली परत आली.

दादांनी ही कथा पुतण्याकडून दोनदा सांगून घेतली. मग त्या गाडीसमोरच्या बाकावर गुडघे चोळत बराच वेळ बसून राहिले. “विकल्याली गाडी माघारी मिळाली म्हणायची,” असे काहीसे पुटपुटले. वहिनींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही इंजिनाची माहिती लिहिलेली पाटी वाचू लागलो.

त्यानंतर तीन विक्रेत्यांकडे तीन फेऱ्या झाल्या. गाडी पुतण्या चालवायचा, शेजारी दादा, मागे आमच्यापैकी एक घडी होऊन. या फेऱ्यांचे वर्णन लांबवत नाही, कारण वेगाचा अनुभव शब्दांत आणण्याचे सामर्थ्य आमच्यात नाही आणि भीतीचे वर्णन करण्याची इच्छा नाही. दोनच गोष्टी नोंदवतो. एक, आवाजाची. आठ सिलिंडरच्या या अमेरिकी इंजिनात सिलिंडरांच्या चार-चारच्या दोन रांगा असतात. दांड्याची रचना अशी, की स्फोट एकूण समान अंतराने होतात खरे, पण एकेका रांगेपुरते पाहिले तर ते अंतर विषम असते. म्हणून गाडी नुसती उभी असतानाही तिच्या पोटातून एक गुडगुड येत राहते. लय असते, पण मध्येच कुठेतरी ओढ घेऊन ती पुन्हा समेवर येते. कुस्तीच्या मैदानात जोड ठरण्याआधी हलगी ज्या सुस्त ठेक्यात वाजत असते, तोच ठेका. दादांनी काच खाली करून तिन्ही गाड्यांचे आवाज ऐकले. मत मात्र दिले नाही.

दुसरी गोष्ट उतरण्याची. या गाड्या जमिनीलगत. आत जाणे म्हणजे पायरी उतरणे आणि बाहेर येणे म्हणजे विहिरीतून वर येणे. दोष गाड्यांचा नव्हता, गुडघ्यांचा होता. दुसऱ्या फेरीनंतर दादांना बाहेर येता येईना. पुतण्याने आणि तिथल्या एका धिप्पाड मुलाने काखेत हात घालून त्यांना उभे केले. दादा मोठ्याने हसले. पुतण्या हसला नाही.

त्या रात्री वाद झाला. सुरुवात दादांनी केली, अगदी शांतपणे. “हप्ते किती ऱ्हायल्यात?”

येथे थोडा हिशेब सांगणे भाग आहे. पुतण्याच्या अमेरिकेतल्या शिक्षणासाठी २०१७ साली एका बँकेकडून कर्ज काढले होते. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला तेव्हा सहसा तारण लागत असे; तारण म्हणून कोल्हापुरातले राहते घर ठेवले होते. घराची मूळ कागदपत्रे सहा वर्षे बँकेच्या तिजोरीत होती. पुतण्या हप्ते नियमित फेडत होता, बहुतेकदा जास्तच भरत होता. पण त्या मे महिन्यात अकरा लाखांच्या आसपास अजून शिल्लक होते. आणि तक्त्यात पहिल्या आलेल्या गाडीची किंमत रुपयांत केली तर बत्तीस-तेहतीस लाख होत होती.

“बाबा, ही पण हप्त्यानेच येते. इथं सगळे असंच घेतात. दोन्ही चालू राहतील.”

“चालतील की. मी कुठं न्हाई म्हटलं?”

ज्यांनी कोल्हापुरी घरात आयुष्य काढले आहे त्यांना ‘मी कुठं न्हाई म्हटलं’ या वाक्याचे वजन ठाऊक आहे. पुतण्या चिडला. म्हणाला, तुम्ही माझ्या वयाचे असताना आजोबांना विचारून आरडी घेतली होती काय? दादा म्हणाले, “तवा घर आजोबांच्या नावावर हुतं, बँकेच्या न्हवं.” मग दोघेही आमच्याकडे वळले. म्हणजे पुन्हा तपासनीस आम्हीच.

आणि आमचेही एकमत होईना. आमच्यापैकी एका पक्षाचे म्हणणे असे, की तिशीत मनात आलेली गोष्ट पन्नाशीत मिळाली तर ती तीच गोष्ट राहत नाही. मुलगा कर्ज बुडवत नाही, व्यसन करत नाही, एक गाडी मागतो, घेऊ द्या. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की बापाच्या डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याच्या तिजोरीत असताना मुलाने वेगाला ४० गुण द्यावेत, हे गुणदानच चुकले आहे. कोणता पक्ष कोणाचा, ते सांगत नाही. घरी हा वाद अजून पुरता मिटलेला नाही.

झोप न लागल्याने आम्ही दोघे त्या रात्री उशिरापर्यंत पायऱ्यांवर बसलो होतो. दूर वुडवर्ड रस्त्यावरून एखादी गाडी जाताना ऐकू येत होती. साठच्या दशकात पोरे याच रस्त्यावर सिग्नल ते सिग्नल शर्यती लावत. आता दर वर्षी ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची तिथे जत्रा भरते. बोलता बोलता विषय अलंकारांवर गेला. (मास्तरांचे असेच होते.) उपमेला चार अंगे लागतात : उपमेय, उपमान, साम्य दाखवणारा शब्द आणि साधारणधर्म. वर्गात आम्ही पहिल्या दोनांवर वेळ घालवतो आणि साधारणधर्म उरकून टाकतो. पण सारी तुलना त्याच्याच हाती असते. मुख आणि चंद्र यांत आल्हाद हा धर्म आपण आधी निवडतो, म्हणून मुख चंद्रासारखे होते. वाटोळेपणा निवडला असता तर तीच ओळ टिंगलीची झाली असती. पुतण्याने कामगिरी, किंमत आणि वापर हे तीन धर्म निवडले. ते खोटे नव्हते. पण ज्या टेबलावर तो तक्ता मांडला होता, तिथे बसलेल्या माणसांचा एकही धर्म त्यात नव्हता : ना आवाज, ना गुडघे, ना घराची कागदपत्रे. आणि दादांच्या आरडीचे काय? बुलेटशी, येझदीशी तिची तुलना त्यांनी कधी केलीच नव्हती. आमच्या शास्त्रात त्यालाही नाव आहे. उपमेयाला दुसरे उपमानच सापडत नाही आणि त्याची तुलना त्याच्याशीच करावी लागते, तेव्हा तो अनन्वय.

हे सारे पुतण्याला सांगावे असे वाटले होते. सकाळी सांगितले नाही. त्याने तक्ता बंद करून टाकला होता आणि तो सगळ्यांसाठी पोहे करत होता.

जूनमध्ये आम्ही परतलो. पुतण्याने त्या वर्षी गाडी घेतली नाही. का घेतली नाही हे त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. बँकेत मात्र दर महिन्याला दुप्पट-तिप्पट रक्कम येऊ लागली. डिसेंबरात लॅन्सिंगच्या कारखान्यातून शेवटची कॅमेरो आणि कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यातून शेवटची चॅलेंजर बाहेर पडली. त्याच महिन्यात इकडे कर्ज फिटले. दादा आणि आम्ही बँकेत गेलो. तिथल्या मुलीने प्लास्टिकच्या पिशवीतून खरेदीखत काढून मोजून दिले. दादांनी प्रत्येक पान उलटून पाहिले, नको तितका वेळ लावून. घरी आल्यावर ते कपाटाच्या ज्या कप्प्यात ठेवले त्यात आरडीच्या आरसी बुकाची झेरॉक्स आहे, हे आम्हांला तेव्हाच कळले.

२०२४ च्या एप्रिलमध्ये घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक छायाचित्र आले. काळी चॅलेंजर, २०१८ सालची, वापरलेली. इंजिन ५.७ लिटरचे, ३७२ अश्वशक्तीचे. म्हणजे तक्त्यात ही गाडी नव्हतीच. जी होती तिच्याहून शंभरावर अश्वशक्तीने कमी, आणि ती तर तिसरी आली होती. किंमत नवीच्या निम्म्याहून खाली. रोजच्या वापरासाठी जुनी सेडान तशीच ठेवली आहे, त्यामुळे तो रकानाही निकालात निघाला. आम्ही अभिनंदन लिहिले. मग दुसरे छायाचित्र आले : दार सताड उघडे, आणि जमिनीपासून सीटपर्यंत धरलेली टेप. खाली आकडा इंचांत लिहिला होता. त्यावर कोणी काही लिहिले नाही. वहिनींनी फक्त नमस्काराचे चिन्ह टाकले.

रविवारी त्याचा फोन आला तेव्हा आम्ही दादांकडेच होतो. तो गाडी फिरवून दाखवू लागला, रंग, चाके, आतले घड्याळ. दादा म्हणाले, “ते ऱ्हाऊ दे. चालू कर आनि फोन मागं सायलेन्सरजवळ धर.” त्याने धरला. आम्ही सगळे पुढे झुकलो. काहीच ऐकू आले नाही. पडद्यावर धूर हलताना दिसत होता, नळकांडे थरथरताना दिसत होते, पण आवाज नाही. आमच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. हे फोन माणसाचे बोलणे तेवढे ठेवून बाकीचा गोंगाट आपोआप गाळून टाकतात. इंजिन हा त्यांच्या लेखी गोंगाट. (गंमत म्हणजे याच चॅलेंजरच्या जागी त्या वर्षी डॉजने जी विजेवरची चार्जर पुढे आणली, तिला आवाज नसल्याने तो निर्माण करणारी खास यंत्रणा बसवली आहे. दादांचा कॉलम शेवटी कंपनीनेही मान्य केला म्हणायचा.)

“बाबा, आला काय?” तिकडून पुतण्या विचारत होता.

“न्हाई.”

मग त्याने आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करून पाठवला. एक मिनिट बारा सेकंद. दादांनी तो लगेच लावला नाही. आमचा चहा झाला, आम्ही निघायची तयारी करू लागलो, तेव्हा त्यांनी फोन घेऊन बाहेरच्या कट्ट्यावर बैठक मारली आणि आवाज पूर्ण वर केला. आधी स्टार्टर फिरल्याची किरकिर, मग एक दणका, मग ती गुडगुड, ओढ घेत, समेवर येत. शेजारचे कुत्रे भुंकू लागले. दादांनी तो संपू दिला आणि पुन्हा लावला.

आत भाकरी थापत असलेल्या वहिनींनी तिथूनच हाक दिली, “अहो, दारात कुणाची गाडी आलीया, बघा जरा.”